डीव्ही, ४९८, एनसी, पोटगी: घरगुती हिंसाचाराच्या केसमधले शब्द नीट समजून घ्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत बायका, त्यांचे आईवडील, भाऊ पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथं एकत्र केलंय. पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर किंवा कसबा बावड्याच्या कोर्टात कागदावरचा शब्द कळत नाही म्हणून बाई गप्प बसते आणि नको तिथं सही करून येते, म्हणून जरा सविस्तरच लिहिलंय. आत्ता जिवाला धोका असेल तर हे वाचत बसू नका, आधी ११२ लावा. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन पण आहे.

"डीव्ही टाकली" आणि "४९८ टाकली" हे एकच ना?

नाही. आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात तुम्ही मॅजिस्ट्रेटकडं कलम १२ खाली अर्ज करता आणि मागता काय, तर मारहाण थांबवायचा आदेश, राहायला जागा, खर्चाला पैसे, पोरांचा ताबा, नुकसानभरपाई. नुसत्या या अर्जावर नवऱ्याला अटक होत नाही, तो आरोपी ठरत नाही, त्याला शिक्षा होत नाही. शिक्षेची वेळ येते ती कोर्टाचा आदेश मोडल्यावर, ते शेवटी सांगितलंय.

४९८ म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातलं कलम ४९८-अ, १९८३ साली आलेलं. तो सरळ फौजदारी गुन्हा. तिथं पोलीस एफआयआर घेतात, तपास करतात, केस सरकार लढवतं आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

"मला त्याला जेलमध्ये नाही घालायचं ओ, मार थांबू दे आणि पोरांची फी भरू दे एवढंच" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि केस म्हणजे जेलच असं वाटून त्या वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत. त्यांच्यासाठीच डीव्हीचा रस्ता आहे. आणि दोन्ही एकाच वेळी पण करता येतं, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही, त्यामुळं "आधी ठरवा कुठली एक करायची" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आता ४९८ राहिलंच नाही, ८५ आलंय म्हणतात. खरं का?

हो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८-अ चं कलम ८५ झालं, क्रूरता म्हणजे काय हे कलम ८६ मध्ये गेलं. मजकूर जवळपास तोच आहे. छळ त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनं कलम लागतं, आधीपासून सुरू होऊन नंतरही चालू असेल तर एकाच एफआयआरमध्ये जुनी नवी दोन्ही कलमं दिसू शकतात, घाबरायचं कारण नाही.

एफआयआरच्या कॉपीवर "भा.न्या.सं. कलम ८५, ११५(२), ३५१(२), ३५२, ३(५)" अशी आकड्यांची रांग दिसली तर ती अशी वाचायची: ८५ म्हणजे नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ, ११५(२) साधी मारहाण, ३५१ धमकी, ३५२ शिवीगाळ करून मुद्दाम अपमान, आणि ३(५) म्हणजे सगळ्यांनी मिळून एका इराद्यानं केलं (आधी याला ३४ म्हणायचे). हाड मोडलं, दात पडला असं काही असेल तर ११७(२) म्हणजे गंभीर दुखापत लागायला पाहिजे, ते लागलंय का बघा, कारण ११५ आणि ११७ मध्ये शिक्षेचा फार फरक आहे.

हात उचलत नाही पण बाकी सगळं करतो. याला हिंसाचार म्हणतात का?

म्हणतात. डीव्हीच्या कलम ३ मध्ये चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. मुलगी झाली म्हणून टोमणे, पोरगं होत नाही म्हणून चारचौघांत अपमान, माहेरच्यांना भेटू न देणं, "तुला उचलून नदीत टाकीन" असली धमकी, हे सगळं शाब्दिक-भावनिक मध्ये येतं.

आर्थिक हिंसाचार आपल्याकडं सगळ्यात जास्त आणि तक्रारीत सगळ्यात कमी लिहिला जातो. पहाटे उठून म्हशींचं शेण-चारा-धारा बाईनं करायचं आणि दुधाचं बिल नवऱ्याच्या खात्यावर, त्यातला एक रुपया तिला औषधाला मिळत नाही. उसाचं बिल आलं की ते कुठं गेलं विचारायची सोय नाही. इचलकरंजीत लूमवर किंवा एमआयडीसीत कामाला जाते तर पगार झाला त्याच दिवशी एटीएम कार्ड काढून घेतात. घरखर्च न देणं, तिचा पगार हिसकावणं, तिचे दागिने न विचारता गहाण टाकणं, भाडं न भरून तिला बाहेर पडायची वेळ आणणं, ही सगळी आर्थिक हिंसा आहे. अर्जात हे महिना-वर्षासकट लिहा, "पैसे देत नाही" एवढ्या एका ओळीवर भागवू नका.

८५-८६ ची फूटपट्टी मात्र कडक आहे. तिथं क्रूरता म्हणजे बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाच्या किंवा शरीराच्या तब्येतीला गंभीर धोका होईल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, किंवा पैसा-मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ. त्यामुळं एकच वागणूक डीव्हीत पुरेशी ठरते आणि ८५ मध्ये कमी पडते असं होऊ शकतं. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. "घरातलं भांडण घरात" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

पीडित, उत्तरवादी, फिर्यादी, आरोपी... मी यातली कोण?

डीव्हीच्या अर्जात तुम्ही "पीडित व्यक्ती" किंवा अर्जदार, समोरचा "उत्तरवादी" किंवा "सामनेवाला". एफआयआरमध्ये तुम्ही "फिर्यादी" आणि तो "आरोपी". बायका पण उत्तरवादी होऊ शकतात, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध पण डीव्ही चालते, कारण कायद्यातले "प्रौढ पुरुष" हे शब्द सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये काढून टाकले.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे. "हे माझं घर, चालती हो" म्हणतात. जावं लागेल का?

लगेच बॅग भरू नका. कायद्यात "शेअर्ड हाउसहोल्ड" असा शब्द आहे, मराठीत कुठं सामायिक घर लिहितात कुठं एकत्र राहण्याचं घर. ज्या घरात तुम्ही त्या नात्यानं राहताय किंवा राहिलात ते घर, मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर कुणाचंही नाव असो. कलम १७ प्रमाणे तिथं राहायचा हक्क आहे आणि कायद्याची रीत पाळल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर असू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी हेही सांगितलंय की ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा वापरून, प्रांतांकडून आदेश घेऊन सुनेचा हा हक्क असाच गुंडाळून टाकता येत नाही.

पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नाही. घर तुमच्या नावावर होणार नाही, आणि म्हातारे सासू-सासरे खरोखर त्रासात असतील तर कोर्ट त्यांचीही बाजू बघतं, अशा वेळी नवऱ्यानं दुसरीकडं भाड्यानं घर घेऊन द्यावं असा आदेश होऊ शकतो. "राहायचं तर याच घरात" असा हट्ट धरायचा की वेगळी खोली आणि शांतता मागायची हे अर्ज लिहायच्या आधी स्वतः ठरवा, वकिलावर सोडू नका.

कोर्ट नेमके कुठले कुठले आदेश देतं?

कलम १८ चा संरक्षण आदेश म्हणजे मारू नको, धमकावू नको, तिच्या कामाच्या जागी, पोरांच्या शाळेत जाऊ नको, फोन-मेसेज करू नको. कलम १९ चा निवास आदेश म्हणजे घरातून काढू नको, घर विकू नको, किंवा तूच घराबाहेर हो, किंवा भाडं भर (घराबाहेर हो हा आदेश कुठल्याही बाईविरुद्ध देता येत नाही, म्हणजे सासूला या कलमानं बाहेर काढता येणार नाही). २० म्हणजे पैसे: खर्च, औषधपाणी, बुडालेली कमाई. २१ पोरांचा तात्पुरता ताबा. २२ मनस्तापाची नुकसानभरपाई, ही २० च्या पैशांपेक्षा वेगळी मागता येते आणि बरेच जण मागायची विसरतात.

कलम २० मध्ये एक सोय आहे ती गावाकडच्या लोकांनी आवर्जून वाचावी. नवरा पैसे देत नसेल तर कोर्ट त्याच्या मालकाला किंवा ज्याच्याकडून त्याला पैसे येणं आहेत त्याला थेट बाईकडं किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. पगारदार असेल तर प्रश्नच नाही, पण "तो शेतकरी आहे, पगार नाही, त्याच्याकडून काय वसूल होणार" असं सरसकट बोललं जातं, तर त्याचं कुणाकडून काय बिल येणं आहे याचा कागद असेल तर तो घेऊन हा मुद्दा वकिलाला विचारा.

अंतरिम आणि एकतर्फी म्हणजे काय? निकालाला किती दिवस लागतात?

अंतरिम म्हणजे केस चालू असतानाचा तात्पुरता आदेश. एकतर्फी म्हणजे समोरच्याला ऐकायच्या आधीच, धोका दिसतोय म्हणून शपथपत्रावर दिलेला. दोन्ही कलम २३ मध्ये आहेत. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत करायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, महिने जातात, कधी वर्षं, हे आधीच माहीत असू दे. म्हणून मुख्य अर्जासोबतच अंतरिम अर्ज जोडणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. अंतरिम पोटगी सुरू झाली की बाई टिकते, नाहीतर भाड्याला आणि गाडीखर्चाला पैसे नाहीत म्हणून तीच केस सोडून देते.

संरक्षण अधिकारी कोण? डीआयआर म्हणजे?

महिला व बालविकास विभागाचे अधिकारी, यांचं काम तुमची हकीकत ठरलेल्या नमुन्यात लिहून मॅजिस्ट्रेटकडं पाठवणं, आसरा, दवाखाना, मोफत वकील मिळवून देणं, आदेशाची अंमलबजावणी करणं. तो लिहिलेला नमुना म्हणजे डीआयआर, घरगुती घटनेचा अहवाल. पैसे लागत नाहीत. पण त्यांच्याकडूनच जायला पाहिजे असं काही नाही, तुम्ही थेट कोर्टात अर्ज करू शकता आणि डीआयआर नसला तरी कोर्ट अर्ज ऐकू शकतं, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. अर्ज कुठं? तुम्ही जिथं राहता, माहेरी तात्पुरत्या राहत असलात तरी, किंवा जिथं नोकरी करता तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर, सगळीकडं कोर्ट आहे, दरवेळी कोल्हापूरला यायची गरज नाही.

पोलीस स्टेशनला गेले तर "एनसी" करून पाठवलं. म्हणजे तक्रार झाली का?

झाली आणि नाही पण. गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून एफआयआर घेऊन तपास करू शकतात. अदखलपात्र म्हणजे कोर्टानं सांगितल्याशिवाय तपास नाही, फक्त नोंद. ती नोंद म्हणजे एनसी. साधी मारहाण, शिवीगाळ हे अदखलपात्रात येतं. कलम ८५ दखलपात्र आहे, बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकांनी तक्रार दिली की.

आता होतं काय की बाई रात्री साडेअकराला गाल सुजलेला घेऊन जाते, ठाणे अंमलदार विचारतात काय झालं, ती म्हणते "आज जेवणावरून मारलं". लिहिलं जातं तेवढंच आणि एनसी होते. ८ वर्षं चाललेला छळ, माहेरून २ लाख आण म्हणून चाललेला तगादा, गेल्या दिवाळीत मोडलेला हात, हे तिनं सांगितलंच नाही किंवा कुणी विचारलंच नाही. म्हणून जाताना घटना वहीत क्रमानं लिहून न्या आणि सगळं लिहून घ्यायला लावा, आजचा दिवस शेवटी. सही करायच्या आधी वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते.

एफआयआर घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा, तरी काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. आणि एनसीची पावती फेकू नका, तीन-चार एनसी लागोपाठ असतील तर पुढं त्याच पुरावा म्हणून उपयोगाला येतात. मार लागला असेल तर त्याच रात्री सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं कारण सांगा, "जिन्यावरून पडले" असं केसपेपरवर आलं की ते नंतर पुसता येत नाही.

नांदायला पुण्यात होते, आता माहेरी कोल्हापुरात आहे. तक्रारीला पुण्याला जायचं का?

नाही. झीरो एफआयआर म्हणजे घटना कुठंही घडलेली असो, कुठल्याही पोलीस स्टेशननं शून्य नंबरनं नोंदवून घ्यायची आणि मग त्या हद्दीत पाठवायची. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ मध्येच ते आहे. शिवाय सासरच्या छळामुळं बाई जिथं आसऱ्याला आली तिथल्या कोर्टातही ४९८ ची केस चालू शकते असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये म्हटलंय.

अजामीनपात्र म्हणजे नवरा लगेच आत का?

अजामीनपात्र म्हणजे जामीन पोलीस स्टेशनमधून हक्कानं मिळत नाही, कोर्ट ठरवतं. जामीन मिळतच नाही असा अर्थ नाही. आणि ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक का गरजेची ते लिहून काढायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. ती नोटीस आधी ४१-अ ची म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची. त्यामुळं एफआयआर झाल्यावर नवरा गावात फिरताना दिसला म्हणजे "पोलिसांनी पैसे खाल्ले" असंच नसतं. अटकपूर्व जामीन म्हणजे अटकेच्या भीतीनं आधीच सेशन कोर्टात किंवा हायकोर्टात घेतलेला जामीन. तो मिळाला म्हणजे केस संपली नाही, तो निर्दोष सुटला असंही नाही.

सासरच्या सगळ्यांची नावं घालावीत का?

ज्यानं केलं त्याचं नाव घाला, काय केलं ते लिहून. लग्न होऊन साताऱ्याला गेलेली नणंद, मुंबईचा चुलत दीर, ज्यांचा काही संबंध नाही त्यांना "दबाव येतो" म्हणून ओढू नका. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्येही असले मोघम आरोप ठेवून सगळ्या नातेवाइकांना गुंतवण्यावर सुनावलंय. अशी नावं हायकोर्टातून निघतात आणि त्यांच्यासोबत तुमच्या खऱ्या तक्रारीचं वजन पण जातं.

स्त्रीधन म्हणजे काय? साज, ठुशी सासूच्या कपाटात आहे.

लग्नाआधी, लग्नात, नंतर तुम्हाला म्हणून जे मिळालं, माहेरचं असो सासरचं असो, ते तुमचं स्त्रीधन. साज, ठुशी, पुतळ्याची माळ, भांडी, फ्रीज, रोख. ते सासूकडं ठेवायला दिलं म्हणजे तिचं झालं नाही. परत देत नाहीत तर डीव्हीत परत मागता येतं आणि विश्वासघाताचं कलम (आता भा.न्या.सं. ३१६) पण लागू शकतं. लग्नाचे फोटो, सोनाराची बिलं, व्हिडिओ काढून ठेवा.

हुंडा वेगळा. हुंडाबंदी कायदा १९६१ चा, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला किमान ५ वर्षं शिक्षा, नुसत्या मागणीला ६ महिने ते २ वर्षं. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत बाईचा भाजून, जखमांनी किंवा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ होता तर तो हुंडाबळी, भा.न्या.सं. कलम ८०, शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ज्यांची लेक गेली त्यांनी अंत्यविधीच्या गडबडीत इनक्वेस्ट पंचनामा (मृतदेहाचा पंचनामा) आणि पोस्टमॉर्टम सोडून देऊ नये, कितीही भावकी मध्ये पडली तरी.

पोटगी कुठल्या कायद्यात मागायची?

फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५ म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. डीव्हीत पण मागता येते, घटस्फोटाच्या केसमध्ये पण. दोन ठिकाणी मागितली तर आधीची रक्कम सांगावी लागते, दुसरं कोर्ट ती धरून ठरवतं. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. तुम्ही थोडंफार कमावता म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, पण स्वतःची कमाई लपवू पण नका, उलटतपासणीत ते बाहेर येतंच. पोटगी थकली तर १४४ खाली वसुलीचा वॉरंट आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी १ महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

नवऱ्यानं जबरदस्ती केली तर तो बलात्कार का?

आत्ताच्या कायद्यात बायको १८ च्या वरची असेल तर नवऱ्याचा संबंध बलात्काराच्या व्याख्येत येत नाही. हे चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. पण म्हणून मार्गच नाही असं नाही. डीव्हीत लैंगिक हिंसा स्पष्ट लिहिलेली आहे, ८५ मध्ये क्रूरता म्हणून ते सांगता येतं, आणि दोघं वेगळे राहत असताना इच्छेविरुद्ध संबंध ठेवले तर भा.न्या.सं. कलम ६७ खाली २ ते ७ वर्षं शिक्षा आहे. संरक्षण अधिकाऱ्याला किंवा महिला पोलिसाला हे सांगायला लाजू नका, आणि डीव्हीची सुनावणी बंद खोलीत घ्या अशी विनंती कलम १६ खाली करता येते.

लग्न न करता राहते / विधवा आहे / लेकच मारतो / नवराच मार खातो... यांचं काय?

लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला डीव्ही आहे, पण नुसती ओळख किंवा अधूनमधून भेटणं पुरत नाही, दोघंही लग्नाला मोकळे होते का, किती वर्षं, एका घरात का हे बघतात. आईला मुलाविरुद्ध, बहिणीला भावाविरुद्ध, सासूला सुनेविरुद्ध करता येते. तलाक किंवा घटस्फोट झाला तरी आधीच्या हिंसेचा दिलासा मागता येतो. कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे. विधवा सुनेला पण. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सगळ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं, पण नवरा गेल्यावर दीर-सासऱ्यांनी खोलीला कुलूप घातलं तर तिथं ठराव नाही, कलम १९ लागतं.

पुरुषाला डीव्हीत अर्ज करता येत नाही. मारहाण, धमकी याची तक्रार पोलिसात देता येते आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून घटस्फोट मागता येतो. मार खाणाऱ्या पुरुषाला हसणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी.

चार्जशीट, चार्ज फ्रेम, बी समरी, क्वॅशिंग... हे शब्द कधी येतात?

हे फक्त फौजदारी केसमध्ये. तपास संपला की पोलीस कोर्टात चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र देतात. मग कोर्ट चार्ज फ्रेम करतं, म्हणजे आरोपीला वाचून दाखवतं, गुन्हा कबूल का नाही विचारतं. इथपर्यंत तो फक्त आरोपी आहे, गुन्हेगार नाही. चार्जच्या आधी पुराव्यात दम नाही म्हणून सोडलं तर डिस्चार्ज, सगळे साक्षीदार झाल्यावर सोडलं तर निर्दोष मुक्तता. बी समरी म्हणजे पोलिसांनी तक्रार खोटी म्हणून फाइल बंद करायची परवानगी मागितली. त्याची नोटीस तुम्हाला येते आणि तेव्हा कोर्टात हजर राहून हरकत घेतलीच पाहिजे, घरी बसलात तर फाइल बंद.

क्वॅशिंग म्हणजे हायकोर्टाकडून एफआयआर रद्द करून घेणं, तडजोड झाल्यावर बहुतेक हेच करतात. त्यासाठी आधी मुंबईला जायला लागायचं, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामं पण इथंच.

समुपदेशनाला बोलावलंय, जायचं का? आणि बैठकीत सोडचिठ्ठी लिहून देतो म्हणतात.

जा, बोला, पण तिथं लिहिलेला प्रत्येक कागद वाचा आणि कॉपी मागा. "माझी काही तक्रार नाही" असं वाक्य असेल आणि ते खरं नसेल तर सही करू नका. समुपदेशन चालू आहे म्हणून तक्रार महिनोन्महिने लटकवता येत नाही, आणि डीव्हीचा अर्ज कोर्टात करायला आधी समुपदेशनाची अट नाही.

भावकीच्या बैठकीत १०० च्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी, त्यावर पंचांच्या सह्या, बदल्यात ५० हजार आणि "पुढं काही मागणार नाही". हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न असल्या कागदानं मोडत नाही, समाजात तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच गोष्ट वेगळी. वेगळं व्हायचंच असेल तर संमतीनं घटस्फोट कोर्टातून घ्या, त्यातच पैसे, पोरं, दागिने सगळं लिहून घ्या.

पुराव्याला काय चालतं?

केसपेपर, एनसी, जखमांचे तारखेसकट फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, कॉल रेकॉर्डिंग, शेजारीण, पोरांच्या फीची पावती. मोबाइलमधल्या पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. उशीर झाला म्हणून डीव्हीचा अर्ज फेकला जात नाही, ८५ ला मात्र ३ वर्षांच्या मुदतीचा मुद्दा निघतो.

वकिलाला पैसे नाहीत.

बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, नाहीतर १५१०० लावा. दिलेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो, लेखी अर्ज द्या.

आदेश मिळाला, पण त्यानं परत येऊन मारलं. आता?

आता गुन्हा झाला. संरक्षण आदेश मोडला, मग तो अंतरिम असला तरी, कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे इथं एनसी नाही, एफआयआरच. आदेशाची कॉपी कलम २४ प्रमाणे तुम्हाला फुकट मिळते आणि पोलीस स्टेशनला पण जाते. एक झेरॉक्स स्वतःच्या पर्समध्ये, एक माहेरी, आणि फोनमध्ये फोटो ठेवा. फोन करताना "भांडण झालंय" म्हणू नका, "कोर्टाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडलाय" असं सांगा आणि कोर्टाचं नाव, केस नंबर, आदेशाची तारीख सांगा. पैशाचा आदेश मोडला तर त्यासाठी त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज करायचा. आदेशच मान्य नसेल, तुम्हाला किंवा त्याला, तर ३० दिवसांत सेशन कोर्टात अपील, पण अपील केलं म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती वेगळी घ्यावी लागते आणि ती मिळेपर्यंत आदेश पाळायलाच लागतो.